वर्गात मूल एकदम बिथरलं की तुम्ही नेमकं काय करता?

खडूफळा:
तिसरीचा वर्ग आहे माझ्याकडे. एक मुलगा एरवी गोड, पण गणित चुकलं किंवा कुणी त्याची वस्तू घेतली की वही फाडतो, बाकाखाली जाऊन बसतो, हात लावला तर लाथा मारतो. काल मी शांत हो शांत हो करत राहिले तर अजूनच किंचाळायला लागला, बाकीची पोरं टकामका बघतायत, शेवटी माझाच आवाज चढला. घरी जाऊन फार वाईट वाटलं. त्या 5-10 मिनिटांत करायचं काय?

निवांतबाई:
आधी बोलणं कमी करा. त्या क्षणी मेंदूचा विचार करणारा भाग मागे पडलेला असतो आणि धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला जोरात असतो, त्यामुळे समजावणं, "का केलंस" विचारणं, सॉरी म्हणायला लावणं सगळं वाया. मी बाकीच्यांना काहीतरी लिहायला देते म्हणजे बघे कमी होतात, मग त्याच्या बाजूला जरा अंतर ठेवून खाली बसते, समोर उभं राहिलं तर त्याला दरडावल्यासारखं वाटतं. "राग आलाय ना, मी इथेच आहे" एवढंच हळू म्हणायचं आणि गप्प. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही, शिक्षक ना शेवटी 😄

पाटीपेन्सिल:
+1. दीर्घ श्वास घे म्हटलं तर माझ्याकडचा एक "नाही घेणार जा" म्हणायचा. श्वास शिकवायचा तो सगळे शांत असताना, खेळ म्हणून. पाच बोटं म्हणजे मेणबत्त्या, एकेक हळूहळू फुंकायची. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की ठोके मंदावतात. मग भडकल्यावर मी नुसता पंजा दाखवते, बोलत नाही.

सरळरेषा:
हे सगळं ठीक आहे हो, पण असे लाड केले तर उद्या सगळेच बाकाखाली जातील. वही फाडली त्याचं काय?

निवांतबाई:
पानं त्यानेच चिकटवायची की, पण नंतर. रडं थांबलं म्हणजे शांत झाला असं नसतं, शरीर खाली यायला कधीकधी अर्धा तास पण लागतो, लगेच विषय काढला की परत भडका.
आणि खडूफळा, दोन आठवडे नोंद ठेवा, किती वाजता झालं, आधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं. माझ्याकडची एक मुलगी नेहमी मधल्या सुट्टीच्या आधीच बिथरायची, नंतर कळलं सकाळी काही न खाताच येते. तुमच्याकडे बाकाखाली गेलं की गणितातून सुटका होते का तेही बघा. स्वतःला किंवा दुसऱ्याला लागेल असं काही करत असेल तर मात्र एकट्याने निभावू नका, पालक आणि समुपदेशक दोघांना सोबत घ्या.

खडूफळा:
आत्ता आठवून बघितलं तर गणिताच्या तिन्ही वेळा मी त्याला फळ्यावर बोलावलं होतं 🤦 उद्या जागेवरच सोडवायला देते, बघू.