१९६८ मस्टँग ३०२: सिंगलचा ड्युअल एक्झॉस्ट करायचाय, मफलर कुठे आणि एच पाइप कुठे?

होटगीरोड_व्हीएट:
गाडी १९६८ ची फोर्ड मस्टँग, ३०२ क्युबिक इंच व्ही८ इंजिन, दोन बॅरल (दोन तोंडांचा) कार्ब, सिंगल एक्झॉस्ट. मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारे नळ) मूळचेच ठेवायचेत. आवाज शेवरलेच्या ३५० व्ही८ इंजिनासारखा भरदार हवाय. फोर्डची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) वेगळी, म्हणून तो येणारच नाही असं ऐकलं. खरंय का? आणि डॉज चार्जर गाडीसारखे मागच्या ॲक्सलच्या पुढे दोन मफलर लावावेत की मस्टँगचा मागचा आडवा एकच? पाइप अक्कलकोट रोड एमआयडीसीत वाकवून घेणार आहे.

ऑर्डर_१८४३६५७२:
नाही, ३०२ च्या बाबतीत ते खरं नाही. सिलिंडरांचे नंबर बघा: शेवरलेत डाव्या बाजूला १-३-५-७ आणि उजव्या बाजूला २-४-६-८. फोर्डमध्ये उजवीकडे १ ते ४, डावीकडे ५ ते ८. फोर्डच्या १-५-४-२-६-३-७-८ ला शेवरलेचे नंबर देऊन १ पासून वाचा, बरोबर १-८-४-३-६-५-७-२ च येतं! खरी वेगळी आहे ती फोर्डच्याच ३५१ विंडसर इंजिनाची ऑर्डर: १-३-७-२-६-५-४-८.

तुमच्या इंजिनात उजवीकडे ४-२ आणि डावीकडे ७-८ लागोपाठ, क्रँकच्या ९० अंशांच्या अंतराने पेटतात. ती गडगड तिथूनच येते. पुढेमागे ट्राय-वाय हेडर (मॅनिफोल्डऐवजी लावायचे, दोन-दोन नळ वाय आकारात जोडलेले पाइप) घेतलेत तर या जोड्या एकाच वायमध्ये येऊ देऊ नका. आवाजातला बाकीचा फरक पोर्टचा: स्मॉल ब्लॉक शेवरलेत मधले दोन एक्झॉस्ट पोर्ट शेजारी-शेजारी असतात, फोर्डमध्ये इनटेक-एक्झॉस्ट एकाआड एक. त्यात कॅम आणि क्युबिक इंचही आलेच, त्यामुळे हुबेहूब ३५० ची अपेक्षा नको.

पाइप_बेंडर:
मूळ मॅनिफोल्ड आणि दोन बॅरलला सव्वादोन इंच (५७ मिमी) पाइप भरपूर झाला. अडीच इंची घेतलात तर ताकद वाढणार नाही, जागेची मात्र मारामारी होईल.

बेंडरवर साधा पाइप वाकवला की बेंडच्या आतल्या बाजूला चेपतो. ॲक्सलवरच्या वळणाला वाळू घट्ट भरून, गरम करून वाकवायला सांगा, नाहीतर तयार मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन वाकवलेला, न चेपलेला पाइप) वेल्ड करा.

एच पाइपची (दोन्ही पाइपांना जोडणाऱ्या आडव्या नळाची) जागा: दोन्ही पाइपांवर साध्या रंगाचा लांब पट्टा ओढा, गाडी गरम होईपर्यंत चालवा. रंग जिथपर्यंत जळाला तिथे एच बसवा, पण गिअरबॉक्स काढता आला पाहिजे. एच ने आवाज खोल राहतो. एक्स (दोन्ही पाइप एकमेकांना छेदतात तो जोड) लावलात तर तो तिखट होतो. तुम्हाला एच च हवा.

आडवा मफलर ॲक्सल आणि टाकीच्या मधे बसतो, दोन्ही बाजूंचा धूर एकाच डब्यात मिसळतो आणि आवाज मऊ होतो. भरदार हवा असेल तर पुढे दोन वेगळे मफलर लावा.

स्पीडब्रेकर_सावधान:
फिटिंग गाडी चाकांवर उभी असतानाच करा. लिफ्टवर ॲक्सल खाली लोंबतो, पाइपला भरपूर जागा दिसते. मग मागे तिघे बसले की पहिल्याच गतिरोधकावर ॲक्सल पाइपला आदळतो. बंप स्टॉप (ॲक्सल वर येताना अडवणारा रबर) टेकल्यावरही बोटभर अंतर उरायला हवं.

पेट्रोलची लाइन पाइपपासून लांब घ्या, जवळ जाते तिथे पत्र्याची शील्ड मधे ठेवा. मे मध्ये पारा चाळिशीपार असताना लाइनमध्ये वाफ धरली की गाडी सिग्नलला बंद पडते. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज आला तर मफलर बदलण्याआधी मॅनिफोल्डचे जॉइंट तपासा, हवा तिथून आत जात असते. पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा आवळा.

मफलर काढून नुसते पाइप ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड होतो.