उन्हाळी सुट्टीत स्टेप १ चा अभ्यास करावा का?

विद्यार्थिनी, परळ
नमस्कार. दुसऱ्या वर्षाची विद्यापीठाची परीक्षा नुकतीच संपली असून पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी अजून डोक्यात ताजे आहेत. पुढे अमेरिकेत रेसिडेन्सी (पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण) करण्याचा माझा विचार आहे. सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांची आहे. माझ्या काही मैत्रिणी यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेतील डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या, स्टेप १ (पहिल्या टप्प्या) साठी रोज दहा तास अभ्यासिकेत बसणार आहेत. आई मात्र म्हणते की वर्षभर होस्टेलवर राहिलीस, आता चिपळूणला घरी ये. घरी गेले तर मी मागे पडेन का?

रेसिडेंट डॉक्टर, शीव
२६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे सुट्टीभर रक्त आटवून गुण वाढवण्याचा जुना हिशेब आता उरलेला नाही. गुण मिळतात ते स्टेप २ सीके (क्लिनिकल नॉलेज) या पुढच्या परीक्षेत, आणि तिचा पाया तुमच्या वॉर्डातल्या पुढच्या पोस्टिंगमध्ये घातला जाणार आहे. तरीही स्टेप १ हलक्यात घेऊ नये, कारण नापास झाल्याची नोंद पुसली जात नाही आणि एका स्टेपला चारपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही.

सुट्टीत रोज २० प्रश्न सोडवावेत, तेही नुकत्याच शिकलेल्या विषयांचे, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे स्पष्टीकरण शेवटपर्यंत वाचावे. आपल्याला दीर्घोत्तरे लिहिण्याची सवय असते. स्टेप १ मध्ये रुग्णाची हकिगत वाचून साधारण दीड मिनिटात सर्वांत योग्य असे एकच उत्तर निवडायचे असते, आणि ही नजर पाठांतराने येत नाही. जैवसांख्यिकी घरी बसूनही होते. बाकीचे वॉर्ड शिकवतील: पावसाळ्यात मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येऊ लागले, की त्यावरचे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या ३०एस रायबोसोमवर (प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका भागावर) काम करते हे तुम्हाला वेगळे पाठ करावे लागणार नाही.

इंटर्न, मुंबई सेंट्रल
दुसऱ्या वर्षानंतरची ती सगळी सुट्टी मी अभ्यासिकेत काढली होती. कॉलेज सुरू झाले तेव्हा थकव्यामुळे रुग्णांची हिस्ट्री (आजाराची माहिती) घेताना लक्ष लागेना, आणि परीक्षा दीड वर्षाने दिल्यामुळे सुट्टीत केलेले बहुतेक सगळे पुन्हा वाचावे लागले. प्रश्नसंचाची वर्गणी मुदतीची असते, तीही वाया गेली. तू घरी जा.

एमबीबीएस अंतिम वर्ष, ठाणे
थोडा वेगळा मुद्दा मांडतो. स्टेप १ ची नोंदणी करताना परीक्षा देण्यासाठी तीन महिन्यांचा कालावधी निवडावा लागतो. तो ज्यांनी निवडलेला आहे, त्यांनी सुट्टी पूर्णपणे अभ्यासालाच द्यावी, कारण इंटर्नशिपच्या रात्रपाळ्यांमध्ये सलग वेळ मिळत नाही. आपल्या मैत्रिणींनी तारीख ठरवली आहे का, हे आधी विचारावे.

विद्यार्थिनी, परळ
विचारले. कोणीही अजून नोंदणी केलेली नाही. जैवसांख्यिकीच्या नोट्स सोबत घेऊन मी शनिवारी तुतारी एक्सप्रेसने निघते आहे. सर्वांचे मनापासून आभार.