बेंजो, पण विसर्जनातला नव्हे

प्रेषक: बिस्मार्कची मिरजकरीण
रविवार, १२ जानेवारी
विषय: दोनशे मैलांच्या आत कुणी व्हायोलिन वाजवतं का?

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या जेवणासाठी गुळाच्या पोळ्या माझ्याकडे लागल्यात, त्या होतील. हे पत्र वेगळ्या कामासाठी. आपल्यापैकी कुणाकडे व्हायोलिन आहे का? कपाटावर धूळ खात पडलेलं असलं तरी चालेल, वाजवणारा हात मात्र हवा.

मी बँजो वाजवते. अपालाचियन डोंगरातल्या जुन्या वळणाचा, इकडे त्याला ओल्ड-टाइम म्हणतात. नॉर्थ कॅरोलिनात डरहमला होते तोवर दर मंगळवारी कुणाच्या तरी घरी बैठक बसायची. नोकरीपायी इकडे नॉर्थ डकोटात बिस्मार्कला येऊन तीन हिवाळे झाले. या तीन हिवाळ्यांत माणसांबरोबर मोजून चार वेळा वाजवलंय, त्यातल्या दोन वेळा मिनियापोलिसपर्यंत सव्वाचारशे मैल गाडी हाणून. बाकी मी, बँजो आणि हीटर.

नवशिके असाल तरी कळवा. मीही काही मोठी लागून गेलेली नाही.

– मिरजकरीण

——

प्रेषक: फार्गोचा ढोलकीवाला
रविवार, १२ जानेवारी
विषय: उत्तर: दोनशे मैलांच्या आत…

ताई, तीन वर्षं बेंजो घरात आणि आम्ही गणपतीला स्पीकरवर गाणी लावतोय? हा अन्याय आहे! मी लालबागचा. विसर्जनाला बेंजो पार्टी आली की आजारी माणूससुद्धा खिडकीत येऊन उभा राहायचा. यंदा ठरलं. ढोलकी माझी, बेंजो तुमचा, ताशाचं बघू. व्हायोलिन कशाला हवंय मध्ये?

——

प्रेषक: बिस्मार्कची मिरजकरीण
सोमवार, १३ जानेवारी
विषय: उत्तर: उत्तर: दोनशे मैलांच्या आत…

दादा, हा घोटाळा होणार हे ठाऊकच होतं. आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तीही म्हणाली, “अगं, वरातीतला?”

तुम्ही म्हणता तो बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, त्याला वीज जोडलेली. टाइपरायटरसारखी बटणं डाव्या हातानं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. त्याचं मूळ जपानात आहे. नागोयाला १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य निघालं, ते फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि मिरवणुकीत रमलं. माझ्या बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं.

माझा बँजो गोल. डफासारखं पान, त्याला लांब दांडी. तारा पाच, पण पाचवी आखूड. तिची खुंटी दांडीच्या मध्यावर, बाजूला. सतारीची चिकारी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बरोबर कळेल. ती तार दाबायची नाही, अंगठ्यानं नुसती सोडायची. उरलेल्या चार तारा तर्जनीच्या नखानं वरून खाली हाणायच्या. एक ठोका चालीचा, मग दोन अर्धे: पहिला तारांवरून झटका, दुसरा अंगठ्याचा, आखूड तारेवर. हे तासन्‌तास. ब्लूग्रास नावाच्या नव्या धाटणीचे लोक तीन बोटांत नख्या घालून भराभर वाजवतात ते वेगळं घराणं, अर्ल स्क्रग्जनं १९४५ नंतर गाजवलेलं. आमच्याकडे नख घरचंच. इकडच्या कोरड्या थंडीत ते तुटतं, म्हणून मी नेल सलूनमध्ये जाऊन एकाच बोटाला ॲक्रिलिक लावून घेते. “बाकीच्या नऊंचं काय?” हा प्रश्न दर वेळी होतो. मी उत्तर देणं सोडलंय.

आणि मिरजेच्या मुलीला हे खूळ कुठून? डरहमला एका बैठकीत एकानं जुन्या धाटणीचा बँजो आणला होता. भोपळा कापून त्यावर कातडं ताणलेलं. माझं माहेर सतारमेकरांच्या वस्तीजवळ, पंढरपूरकडून आलेले भोपळे उन्हात वाळत पडलेले मी रोज बघायची. मला वाटलं, अरे, हे तर आपल्या गल्लीतलं! ते आपल्या गल्लीतलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी इथे घडवलेलं ते वाद्य. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग आजही वाजतं: भोपळा, कातडं, तीन तारा, त्यातली एक आखूड, आणि नखाचा हात तसाच वरून खाली. गांबियाच्या डॅनियल जाट्टांनी ते अमेरिकेतल्या बँजोवाल्यांसमोर आणलं तेव्हा अनेकांना आपलाच हात दुसऱ्याच्या अंगाला चिकटलेला दिसला. गोऱ्यांनी १८३०–४० च्या सुमारास तोंडाला काळं फासून हेच वाद्य रंगमंचावर नेलं, वर त्या माणसांची टिंगल केली. पुढे बँजो म्हणजे डोंगरातल्या गोऱ्यांचं वाद्य असाच समज रूढ झाला.

विसर्जनाला ढोलकीशी जमतंय का ते बघू. पण आधी मला व्हायोलिन हवं.

——

प्रेषक: पेटीवाले काका, सू फॉल्स
सोमवार, १३ जानेवारी
विषय: सोबतीचा हट्ट

चि. मिरजकरीण हिस अनेक आशीर्वाद.

पत्र आवडले, पण तक्रार समजली नाही.

> बाकी मी, बँजो आणि हीटर

रियाज एकट्यानेच करायचा असतो. मी गेली एकतीस वर्षे सू फॉल्सला एकटा पेटी वाजवतो. ऐकायला ही, तीही स्वयंपाकघरातून. थांबलो तर “झालं का?” एवढेच विचारते. माझे काही अडले नाही. संगणकावर हजारो धुना ऐकायला मिळतात, त्यांच्याबरोबर वाजव. शिवाय ते झूम की काय आहेच.

——

प्रेषक: बिस्मार्कची मिरजकरीण
मंगळवार, १४ जानेवारी
विषय: उत्तर: सोबतीचा हट्ट

काका, नमस्कार. तिळगूळ घ्या आणि आजच्या दिवशी माझा राग मानू नका.

ख्यालाचा रियाज एकट्यानं होतो, कबूल. मैफलीत एकजण पुढे असतो, बाकी साथीला. ओल्ड-टाइमच्या बैठकीत पुढे कुणीच नसतं. खुर्च्या गोल, तोंडं आत, पाठ ऐकणाऱ्यांकडे (ऐकणारे असले तर). धून छोटी, दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. ती पुन्हा पुन्हा, पंधरा-वीस वेळा, सगळ्यांनी एकदमच वाजवायची. कुणाचा स्वतंत्र तुकडा नाही, ‘आता तुम्ही’ नाही. ज्यानं धून काढली तो मनाला येईल तेव्हा पाय उचलतो, की तेवढ्या फेरीनंतर सगळे थांबतात. नवख्याला पहिल्या चार फेऱ्या काही कळत नाही, सहाव्या फेरीला हात सापडतो, दहाव्याला आपण वाजवतोय हेही विसरायला होतं. ती दहावी फेरी मला बिस्मार्कमध्ये येत नाही. एकटीनं वाजवताना पाचव्या फेरीलाच वाटतं, पुरे की. पाय उचलायला दुसरं कुणी नसलं म्हणजे आपलाच पाय सारखा उचलला जातो.

मुळात हे नाचाचं संगीत. शनिवारी रात्री घरातलं सामान बाजूला काढून लोक नाचायचे त्यासाठी फिडल (तेच व्हायोलिन, हात वेगळा) आणि बँजो अशी जोडी. फिडल लांब ओढते, बँजो मधल्या फटी भरतो. एकट्या बँजोत चाल अर्धीच ऐकू येते, उरलेली मनातल्या मनात भरायची. तुम्ही एकट्यानं टाळ वाजवून पाहिलाय का?

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर त्यांच्याबरोबरच वाजवते. हेन्री रीड म्हणून व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे म्हातारे फिडलवाले. ॲलन जबूर नावाच्या तरुणानं १९६६–६७ साली त्यांच्याकडे जाऊन धुना ध्वनिमुद्रित केल्या, त्या आता लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रात्री जेवणं झाली की मी आणि हेन्री रीड. बँजोच्या पानामागे मोजा कोंबते, शेजाऱ्यांसाठी. पण काका, हेन्री रीड माझं ऐकत नाहीत. मी चुकले तर ते पुढे निघून जातात. मंगळवारच्या बैठकीत मी घसरले की समोरची फिडल जरा ठासून वाजायची, ‘इथे ये, इथे’ म्हटल्यासारखी.

आणि झूम! २०२० मध्ये सगळ्यांनी ते करून पाहिलं. आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं उशिरा पोचला तरी चौतीस मीटरवरच्या माणसाबरोबर वाजवल्यासारखं होतं, आणि झूमवर त्याहूनही उशीर होतो. दोघंही एकमेकांसाठी थांबत राहतात, धून पार झोपते. शेवटी एकानंच वाजवायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून आपापल्या घरी साथ करायची, असं ठरलं. म्हणजे पडद्यावर बारा जण वाजवताना दिसतात आणि ऐकू येतो एकच. माझ्या आयुष्यातली सर्वांत एकटी बैठक ती.

जाता जाता एक सांगते. डरहमपासून अर्ध्या-पाऊण तासावर मेबन नावाचं गाव आहे. तिथे जो थॉम्पसन म्हणून कृष्णवर्णी फिडलवाले राहायचे. त्यांच्या जोडीला बँजोवर चुलतभाऊ ओडेल. ओडेल १९९४ साली गेले. पुढे इतरांनी साथ केली, पण घरातला बँजो गेला तो गेलाच. २००५ साली बून गावी कृष्णवर्णी बँजोवाल्यांचा मेळावा भरला, तिथे भेटलेली तीन तरुण मुलं मग मेबनला त्यांच्याकडे नेमानं जाऊ लागली. त्यांच्याबरोबर वाजवून वाजवून शिकली. तीच पुढे ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हा बँड झाली. २०११ साली त्यांना ग्रॅमी मिळालं. मला त्यातलं ग्रॅमी लक्षात राहत नाही. ऐंशी पार केलेल्या माणसाच्या दारात एका दुपारी बँजो घेऊन कुणीतरी उभं राहिलं, ते राहतं. मी २०१३ साली डरहमला आले. जो थॉम्पसन आदल्याच वर्षी गेले होते.

——

प्रेषक: मंडळ सचिव
मंगळवार, १४ जानेवारी
विषय: सूचना

सर्व सभासदांना संक्रांतीच्या शुभेच्छा. कृपया लांब पत्रांना उत्तर देताना संपूर्ण मजकूर खाली पुन्हा चिकटवू नये. हळदीकुंकवाच्या वाणासाठी वर्गणी अजून अकरा जणांकडून येणे आहे.

(चर्चा चालू द्यावी. मी वाचतोय.)

——

प्रेषक: फार्गोच्या काकू
बुधवार, १५ जानेवारी
विषय: व्हायोलिन आहे

अगं, मी या लिस्टवर कधी लिहीत नाही. सुनेनं काल रात्री तुझी पत्रं वाचून दाखवली.

माझ्याकडे व्हायोलिन आहे. सांगलीला विशारदपर्यंत झालंय, लग्नानंतर नावालाच. इथे मुलाकडे आल्यापासून बाहेर चालायला मिळत नाही, म्हणून दुपारी तासभर वाजवते. पण मी आपल्या पद्धतीनं खाली मांडी घालून वाजवते, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर. आणि तारा तुमच्या इंग्रजी पद्धतीनं लावत नाही. सा-प-सा-प लावते, सा पेटीची पांढरी पाच. नोटेशन वाचता येत नाही. चालणार नसेल तर मोकळेपणानं सांग, मला वाईट वाटणार नाही.

——

प्रेषक: बिस्मार्कची मिरजकरीण
बुधवार, १५ जानेवारी
विषय: उत्तर: व्हायोलिन आहे

काकू! चालणार नसेल? अहो, डोंगरातले फिडलवाले नेमकं हेच करतात! ‘ए’ सुरातल्या धुना आल्या की ते नेहमीची जुळवणी मोडून चारही तारा ए-ई-ए-ई लावतात. म्हणजे पांढरी सहाचं सा-प-सा-प. त्यामुळे वाजवत नसलेली तारही घुमते, बाजूला तंबोरा ठेवल्यासारखी. तुम्ही त्याच्या एकच सूर खाली आहात. मी ‘ए’साठी सूर चढवायला दांडीला चिमटा लावते, तो काढला की माझ्या तारा आपोआप प-सा-ग-प होतात आणि आखूड तार वरचा सा. बसलं की नाही! ग नको असला तर ती तार अर्धा सूर चढवून म करते, त्याला इकडे सॉमिल जुळवणी म्हणतात. त्यात जरा उदास धुना छान लागतात, तुम्हाला आवडतील असं वाटतं.

नोटेशनचं कौतुक इथेही कुणाला नाही. कानानंच सगळं. कोंबडीवरची एक जुनी धून आहे, ती संथ वाजवून ध्वनिमुद्रण पाठवते. फक्त एक विनंती, मींड जरा आवरती घ्या. घ्यायचीच असली तर दहाव्या फेरीनंतर.

जेम्सटाउन आपल्या दोघींच्या मध्यावर आहे, दोन्हीकडून साधारण शंभर मैल. या शनिवारी? तो सिमेंटचा अवाढव्य बायसन उभा केलाय ना, त्याच्या जवळपास बसायला एखादी उबदार खोली शोधते.

——

प्रेषक: फार्गोचा ढोलकीवाला
बुधवार, १५ जानेवारी
विषय: उत्तर: उत्तर: व्हायोलिन आहे

काकूंना मी आणतो. ढोलकी डिकीत राहील, तुम्ही म्हणाल तेव्हाच काढीन.

——

प्रेषक: पेटीवाले काका, सू फॉल्स
गुरुवार, १६ जानेवारी
विषय: टाळ

काल एकट्याने टाळ वाजवून पाहिला. मत बदललेले नाही. हिने मात्र स्वयंपाकघरातून येऊन दुसरा टाळ घेतला, ते तुला कळवावे असे वाटले.

——

प्रेषक: फार्गोच्या काकू
शुक्रवार, १७ जानेवारी
विषय: उद्या

कोंबडी दोन दिवस ऐकतेय. दुसऱ्या भागात तू कोमल नी लावतेस की चुकून लागतो? मला तो आवडला, मी तोच धरलाय.

मुलगा म्हणतो, वारं वाढलं तर ९४ नंबरचा रस्ता बंद करतील. सकाळी सहाला बघून कळवते. बसायला सतरंजी मी आणतेय, तुला खुर्ची लागत असेल तर तुझी तू बघ.