गुलामांच्या वंशजांना भरपाई : प्रश्न पापाचा नाही, सरकारी देण्याचा आहे

नदीकाठ

अमेरिकेत गुलामांच्या वंशजांना भरपाई द्यावी का, हा वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ज्यांनी गुलाम ठेवले ते गेले, जे गुलाम होते तेही गेले, मग आता कोणी कोणाला काय द्यायचं? २०१९ मध्ये सिनेटमधले तेव्हाचे बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनीही साधारण हेच म्हटलं होतं. मला ते मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा.

गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई दिली गेलीच होती. फक्त ती मालकांना मिळाली. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड दिले. सरकारच्या त्या काळच्या वर्षभराच्या खर्चाचा हा सुमारे ४० टक्के हिस्सा. सुटलेल्या माणसांना मात्र 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे आणखी काही वर्षं फुकट राबावं लागलं. ती उमेदवारी १८३८ मध्ये संपली. या रकमेसाठी काढलेलं कर्ज पूर्ण फिटलं २०१५ साली. म्हणजे जमैकाहून लंडनला आलेल्या कुटुंबांनी आपल्याच पणजोबांच्या मालकांना दिलेला पैसा स्वतःच्या करातून फेडला. (लंडनमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या करातूनही तो गेला, पण त्यावर कुणी हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.)

अमेरिकेतही तेच. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनपुरती गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा केंद्र सरकारने मालकांना माणसामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम दिली. हैतीची गोष्ट तर संताप आणणारी आहे. तिथल्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य घेतलं, आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ते ९ कोटी केले. ती परतफेड आणि तिच्यासाठी घेतलेली कर्जं हैतीच्या मानगुटीवर विसाव्या शतकापर्यंत बसून राहिली.

गुलामांना काय मिळालं? जानेवारी १८६५ मध्ये, गुलामगिरीवरून पेटलेलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपत आलं असताना, केंद्राच्या फौजेतल्या जनरल शर्मनच्या आदेशाने साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवर कुटुंबामागे ४० एकरपर्यंत जमीन देण्याचं ठरलं. सुमारे ४० हजार माणसं तिथे वसली, पेरणीला लागली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जमिनी जुन्या मालकांना परत करायला लावल्या. हे मालक कोण, तर ज्यांनी देशाविरुद्ध बंड केलं ते.

आणि 'फार जुनं झालं' म्हणणाऱ्यांसाठी : यादवी युद्धातल्या एका सैनिकाची मुलगी, आयरीन ट्रिपलेट, हिला अमेरिकी सरकार दरमहा ७३.१३ डॉलर पेन्शन देत होतं. ती २०२० साली वारली, तोवर. सरकारला १८६५ सालचं देणं आठवत नाही असं नाही. कोणाचं आठवायचं, हे ते ठरवतं.

---

एडिसनकर

नदीकाठ, इतिहास बरोबर आहे. निष्कर्षाला माझा विरोध आहे.

मी १९९९ साली न्यू जर्सीत आलो. आजोबा साताऱ्याकडे दुसऱ्याच्या शेतात राबत होते. ही भरपाई केंद्राच्या तिजोरीतून जाणार म्हणजे माझ्या पगारातून जाणार. माझ्या शेजारी पोलंडहून आलेलं कुटुंब आहे, पलीकडे व्हिएतनामचं. आम्ही कोणी हे केलं नाही, आमच्या कुणाला त्याचा वारसा मिळाला नाही.

दुसरं, पेन्शनचं उदाहरण इथे लागू पडत नाही. ती सैनिकाशी कायद्याने केलेली बोली होती, नाव आणि नातं सिद्ध होतं. १९८८ मध्ये अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले, अध्यक्षांनी माफी मागितली. ते योग्यच झालं. पण ते कोणाला दिले? कायदा झाला त्या दिवशी जिवंत असलेल्यांना. कायदा होण्याआधी वारलेल्यांच्या मुलांना नाही. ज्याला भोगावं लागलं त्याला द्यावं, हे तत्त्व मला समजतं. त्वचेच्या रंगावरून देणेकरी आणि घेणेकरी ठरवणं मला धोक्याचं वाटतं, मग हेतू कितीही चांगला असो.

---

सावनी

एडिसनकर, भोगलेली माणसं जिवंत आहेत. तुमच्याच राज्यात आहेत.

गुलामगिरी १८६५ ला संपली, पण सरकारने काळ्या माणसाला वगळणं थांबवलं नाही. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा घ्या. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना त्यातून बाहेर ठेवलं, आणि दक्षिणेतले बहुतेक काळे कामगार याच दोन कामांत होते. त्याच दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि काळ्यांच्या वस्त्यांना लाल रंग दिला : इथे कर्ज देणं जोखमीचं. पुढे केंद्राच्या गृहकर्ज हमीनेही तोच पायंडा चालवला. १९४७ नंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी स्वस्त घरं, सरकारी हमीचं कर्ज. घर गोऱ्यालाच, अशी अट करारातच. त्याच युद्धात लढलेला काळा सैनिक बाहेर.

तेव्हा घर नाकारलेल्या जोडप्याची मुलं आज सत्तरीत आहेत. अमेरिकेत मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे मुख्यतः घर. आईबापांनी घर घेतलं, त्याची किंमत वाढली, त्यावर मुलं शिकली. ज्यांना घेऊच दिलं नाही त्यांच्या मुलांनी शिक्षणासाठी कर्ज काढलं. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्म्यांकडे याहून कमी, निम्म्यांकडे जास्त) २,८५,००० डॉलर होती, काळ्या कुटुंबाची ४४,९००. हा फरक आळसातून आला असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने ते उघड म्हणावं.

आणि 'आम्ही नंतर आलो' याबद्दल. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, त्याला नागरिकत्व नाही. आपल्याला दार उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या जोरावर आला. ती चळवळ कोणी लढली, कोणाच्या अंगावर कुत्री सोडली गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या लढ्याचं फळ तुम्हाला मिळालं, मलाही मिळालं. मी सतरा वर्षं अटलांटात आहे आणि माझ्या करातून हे गेलं तर मला चालेल.

---

जुनावकील

चर्चा भावनेकडे झुकते आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

विमा कंपन्या, बँका आणि रेल्वे कंपन्यांविरुद्ध गुलामांच्या वंशजांनी केलेले दावे एकत्र करून चालवले गेले. २००६ मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, न्या. पोझ्नर यांच्या निकालाने, ते बहुतांशी फेटाळले. कारण साधं होतं : या वादीचं हे नुकसान या प्रतिवादीने केलं, ही साखळी जोडता आली नाही. टल्साचा दावा तर त्याहून बळकट होता. १९२१ मध्ये तिथली ग्रीनवुड ही काळ्यांची सधन वस्ती जमावाने जाळली. त्यातून वाचलेल्या, शंभरी ओलांडलेल्या स्त्रिया स्वतः वादी होत्या. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये तोही दावा संपवला.

याउलट हेन्रिएटा वुडचा खटला पाहा. स्वतंत्र झालेल्या या स्त्रीला पळवून नेऊन पुन्हा गुलाम म्हणून विकलं. तिने पळवणाऱ्याला कोर्टात खेचलं आणि १८७८ मध्ये ज्यूरीने तिला २,५०० डॉलर देवविले. तिचा मुलगा पुढे शिकागोत वकील झाला. दावा असा असतो : अमुक व्यक्ती, अमुक कृत्य, अमुक नुकसान. समाजाचा समाजाविरुद्ध दावा कायद्यात बसत नाही.

---

नदीकाठ

वकीलसाहेब, वुडचं उदाहरण तुम्ही दिलंत, आभार. पण तिच्यासारख्या किती जणी कोर्टापर्यंत पोचू शकल्या असत्या? दक्षिणेतल्या राज्यांत गुलामाला गोऱ्याविरुद्ध साक्षही देता येत नव्हती. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने तर काळा माणूस, स्वतंत्र असला तरी, देशाचा नागरिकच नाही असं ठरवलं. दावा कधीपर्यंत लावता येतो हे सांगणाऱ्या भारतातल्या मुदतीच्या कायद्यातसुद्धा वारस अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत मुदत धावत नाही, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. ज्याला कोर्टाची पायरीच चढू दिली नाही, त्याला 'उशीर झाला' कसं सांगायचं?

आणि ज्यांनी वेळेत मागितलं त्यांचं काय झालं? कॅली हाउस ही गुलामगिरीत जन्मलेली, टेनेसीत धुणं धुऊन आणि शिवणकाम करून पोट भरणारी बाई. सैनिकांसारखी माजी गुलामांनाही पेन्शन मिळावी म्हणून तिने हजारो सभासदांची संघटना उभी केली. तेव्हा मागणारे स्वतः गुलाम राहिलेले लोक होते, म्हणजे एडिसनकरांची 'जिवंत' ही अट पुरी होत होती. सरकारने तिच्यावर टपालातून फसवणूक केल्याचा खटला भरला आणि १९१७ मध्ये तिला तुरुंगात टाकलं.

हा विषय कोर्टाचा नाही, हे मला मान्यच आहे. ब्रिटनच्या मालकांना तरी कोर्टाने कुठे पैसे दिले? संसदेने दिले.

---

फडताळ

मी काळ्यांच्या बाजूचा आहे आणि तरीही या मागणीच्या विरोधात आहे. ही जागाही चर्चेत असावी म्हणून लिहितो.

माझी भीती अशी की एकदा चेक दिला की देश म्हणेल, हिशेब मिटला. काळ्या वस्तीतली शाळा तशीच राहील, कारण तिचा पैसा तिथल्या घरपट्टीवर अवलंबून आहे आणि तिथल्या घरांना किंमत नाही. दवाखाना तसाच राहील. तुरुंगांची धोरणं तशीच. दुसरीकडे वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यातला गरीब गोरा म्हणेल, माझ्या बापाची फुप्फुसं कोळशाने भरली, मला काय? त्याला कुणी उत्तर देऊ शकणार नाही, आणि मग तो कोणाला मत देईल हे सांगायला नको. सर्वांना आरोग्यसेवा, फुकट शिक्षण, चांगलं किमान वेतन हे मागितलं तर त्याचा सर्वात मोठा लाभ काळ्यांनाच होईल, आणि बहुमतही जमेल. जनमत अजमावणाऱ्या प्यू संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत भरपाईला पाठिंबा देणारे काळे ७७ टक्के होते, गोरे फक्त १८ टक्के. लोकशाहीत हा आकडा बाजूला ठेवून चालत नाही.

---

माणदेशी

फडताळ, 'सगळ्या गरिबांचं बघू, त्यात यांचंही होईल' हे आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. जातीने हिरावलेलं फक्त आर्थिक निकषाने परत करा, असं सांगणारे नेहमी तेच असतात ज्यांचं काही हिरावलं गेलेलं नाही. तुम्हाला व्यक्तिशः म्हणत नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. त्यांचा लढा आपल्याला परका कधीच नव्हता. आणि आपल्याकडे संस्थानिकांना १९७१ पर्यंत तनखे चालू होते. 'इतिहासाचं ओझं आजच्या करदात्यावर का' असं तेव्हा किती जण म्हणाले?

---

फडताळ

माणदेशी, तनख्यांचा मुद्दा जिव्हारी लागणारा आहे. पण लक्षात घ्या, इथे बाबासाहेबांनी एकरकमी भरपाई मागितली नाही. राखीव जागा मागितल्या, कायद्याचं संरक्षण मागितलं, राज्याची कायमची बांधिलकी मागितली. अमेरिकेत नेमकं तेच काढून घेतलं जात आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातला वंशाचा विचार बंद केला. लढायचं तर तिथे लढावं, असं माझं म्हणणं आहे.

---

सावनी

भरपाई आणि संरक्षण या दोन्हींत 'हे की ते' कुठून आलं? दोन्ही मागता येतं.

प्रत्यक्षात कसं होतं ते शिकागोशेजारच्या इव्हॅन्स्टन शहरात पाहा. मार्च २०२१ मध्ये तिथल्या नगर परिषदेने ८ विरुद्ध १ मतांनी योजना मंजूर केली. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेल्या काळ्या रहिवाशांना किंवा त्यांच्या वंशजांना २५,००० डॉलर, तेही घरासाठी. पैसा गांजाविक्रीवरच्या शहराच्या करातून. जानेवारी २०२२ मध्ये सोडत काढून पहिले १६ जण निवडले. इथे 'गुलामाचा पणतू' शोधायचा नव्हता. या शहराने या काळात या माणसांना घरं घेऊ दिली नाहीत, इतकं सरळ होतं.

यातलं विरोधी मत सिसिली फ्लेमिंग यांचं होतं, आणि त्या स्वतः काळ्या. त्यांचं म्हणणं, ही गृहयोजना आहे, भरपाई नव्हे. पैसा कशावर खर्चायचा हे सरकारने का ठरवावं? मला त्यांचा मुद्दा योजनेच्या बाजूच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. मालकांना ३०० डॉलर देताना वॉशिंग्टनने 'छप्पर दुरुस्त करा' अशी अट घातली नव्हती. २०२३ मध्ये इव्हॅन्स्टननेही रोख रकमेचा पर्याय दिला.

---

एडिसनकर

सावनीताई, इव्हॅन्स्टनला माझा विरोध बराच कमी आहे, कारण तिथे शहर, काळ आणि कृत्य तिन्ही ठरलेलं आहे. (त्यावरही २०२४ मध्ये समान संरक्षणाच्या मुद्द्यावर केंद्रीय कोर्टात दावा दाखल झाला आहेच.) पण धागा देशभरच्या भरपाईचा आहे. अर्थतज्ज्ञ विल्यम डॅरिटी यांचा हिशेब १० ट्रिलियन, म्हणजे १० लाख कोटी डॉलरच्या पुढे जातो. तिथे वंशज कोण हे सिद्ध कसं करणार? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. त्यात मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. गुलामांची नावंच नाहीत. बहुतेकांची नावं पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. गेल्या पन्नास वर्षांत नायजेरियाहून, घानाहून, जमैकाहून आलेलेही लाखो आहेत. त्यांना वेगळं काढणारं कार्यालय देशाला स्थापावं लागेल, आणि ते प्रत्येकाच्या रक्ताची चौकशी करेल. मला ते नको आहे.

---

नदीकाठ

नावं नाहीत हे खरं, आणि ती सरकारनेच लिहिली नाहीत. ज्याने नोंद ठेवली नाही त्यानेच नोंदीअभावी दावा नाकारावा, हे मला मान्य नाही. शिवाय जिथे शोधलं तिथे सापडतं. १८३८ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ चालवणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंनी कर्ज फेडायला २७२ माणसं विकली. विक्रीची कागदपत्रं होती, त्यावरून आज हजारो वंशज सापडले आहेत.

आता एक अगदी साधा हिशेब पुढे ठेवतो. १८६५ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सनदेने फ्रीडमन्स बँक निघाली. सरकार पाठीशी आहे असं माजी गुलामांना सांगितलं गेलं, आणि त्यांनी पै पै करून ठेवी ठेवल्या. गोऱ्या संचालकांनी पैसा सट्टेबाजीच्या कर्जांत घातला. १८७४ मध्ये बँक बुडाली. ६१ हजारांवर ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. काहींना थोडाफार हप्ता मिळाला, पुष्कळांना काहीच नाही. तिच्या अनेक शाखांच्या खतावण्या आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत : खातेदाराचं नाव, वय, जन्मगाव, आईवडील, भावंडं, कुठे कुठे जुन्या मालकाचंही नाव. इथे तर व्यक्तीही आहे, कृत्यही आहे आणि नुकसानही.

---

जुनावकील

ठेवीचा दावा मूळ भरपाईच्या दाव्यापेक्षा निश्चितच वेगळा. मात्र सनद काँग्रेसची असली तरी बँक खाजगी होती. सरकारची हमी कायद्यात कुठेही लिहिलेली नव्हती. त्यामुळे इथेही रस्ता संसदेचाच.

---

एडिसनकर

खातं आणि वारस दोन्ही सिद्ध होत असतील तर या ठेवी व्याजासकट परत कराव्यात, माझ्या करातून गेल्या तरी. ते त्या माणसांचे स्वतःचे पैसे होते. वंशावरून सरसकट भरपाईला माझा विरोध आहे तसाच आहे.

---

माणदेशी

व्याजासकट म्हणालात ना? मग दर कोणता धरायचा ते सांगा. १८७४ पासूनचं चक्रवाढ व्याज लावलं की रक्कम कुठे जाते ते काढून बघा, आणि मग फुकट राबलेल्या अडीचशे वर्षांच्या मजुरीवर तोच दर लावू.