मदत हवी आहे: लॅब्रेडॉरच्या पिल्लासाठी विमा कसा निवडावा?

मंडळी, आमच्याकडे नुकतंच लॅब्रेडॉरचं पिल्लू आलंय, आठ आठवड्यांचं. विमा आत्ताच काढायचा हे नक्की, कारण आधीपासून असलेला आजार बहुतेक पॉलिसींत वगळतात. एकदा पायाची तक्रार डॉक्टरांच्या कागदावर आली की पुढे तोच खर्च नाकारला जाऊ शकतो.

माझी मुख्य काळजी आनुवंशिक आजारांची आहे. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, बराच आढळतो आणि शस्त्रक्रिया महाग पडते. काही पॉलिसींत तो धरलेला असतो, काहींत नाही, काहींत त्यासाठी वेगळा, लांब वेटिंग पीरियड (म्हणजे विमा काढल्यानंतर ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) असतो. ही अट कागदपत्रांत नेमकी कुठे शोधायची?

शिवाय दरवर्षी नव्याने सुरू होणारी मर्यादा बरी, की प्रत्येक आजारामागे एकदाच ठरलेली रक्कम? त्वचेच्या ॲलर्जीसारखं दुखणं वर्षानुवर्षं चालतं, म्हणून हप्ता जास्त असला तरी मला पहिलीच योग्य वाटते. लसीकरणाचा खर्च आम्ही करू, त्याचं काही नाही.

ज्यांनी प्रत्यक्ष क्लेम केलाय त्यांनी कृपया सांगा: खर्चाचा किती हिस्सा तुम्हाला भरावा लागला, आणि कुत्र्याचं वय वाढल्यावर हप्ता किती चढला?