अनुभव धागा: अभ्यास आणि अडथळा एकाच पडद्यावर

मार्च 2020 मध्ये वर्ग बंद झाले आणि ज्या मोबाइलला तोवर तासाला खिशाबाहेर येण्याची बंदी होती, तोच फळा, वही आणि हजेरीपट झाला. पुढे वर्ग भरू लागले, तरी नोट्सच्या पीडीएफ, युनिटनिहाय व्हिडिओ आणि वर्गाचा व्हॉट्सॲप गट तेथेच राहिले. त्यामुळे ‘मोबाइल ठेव बाजूला आणि अभ्यासाला बस’ ही घरची सूचना विद्यार्थ्याने पाळायची ठरवली, तरी अभ्यासही त्यासोबत बाजूला जातो. दिवसाला किती तास पडदा पाहिला, हा हिशेब येथे नको आहे. एखादी रात्र, एखादा पेपर, एखादी लागलेली किंवा सुटलेली सवय नेमकी सांगावी. नाव लिहू नये, शाखा पुरे.

यांत्रिकी अभियांत्रिकी, अंतिम वर्ष

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री मी रँकिन सायकलवरची (वाफेवर वीज निर्माण करण्याच्या चक्रावरची) 11 गणिते दीडपट वेगाने पाहिली. प्रत्येक गणित समजत होते, कारण सोडवणारा माणूस कोठे अडतच नव्हता. सकाळी स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांचे कोष्टक, हातात आले आणि टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचा ड्रायनेस फ्रॅक्शन (तिच्यातला कोरड्या वाफेचा अंश) काढण्यासाठी एन्ट्रॉपीची किंमत कोणत्या दाबासमोर वाचायची, येथेच मी अडकलो. त्या टेबलाची पाने मी स्वतः त्याआधी उलटलीच नव्हती. विषय राहिला. पुढच्या वेळी व्हिडिओ तेच होते, मात्र प्रश्न वाचून झाला की मी व्हिडिओ थांबवत असे आणि रफ पानावर निदान निम्मे गणित झाल्याखेरीज तो पुढे नेत नसे. रात्रीत 11 ऐवजी 3 गणिते झाली, पण त्या तिन्हींत कोठे चुकलो, हे आजही सांगता येते.

कृषी, प्रथम वर्ष, वसतिगृह

रोजचा दीड जीबी डेटा आम्ही दिवसभर जपून वापरतो आणि उरलेला मध्यरात्री बुडतो, म्हणून तो संपवण्यासाठी 11 ते 12 या वेळात खोलीतले चौघेही रील्स पाहत बसतो. 12 वाजता नवा डेटा येतो आणि ‘आता आहेच’ म्हणून 1 वाजतो. काटकसरीपायी इतका वेळ वाया गेलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

वाणिज्य पदवीधर

माझ्या पदवीच्या मधल्या काळातील परीक्षा घरून, चार पर्यायांतला एक निवडून झाल्या. 2022 च्या उन्हाळ्यात लेखी पेपर आला. ऑडिटिंगच्या पहिल्याच दीर्घोत्तरी प्रश्नाच्या दुसऱ्या पानावर अंगठ्याच्या मुळाशी पेटका आला. बारावीपर्यंत मधल्या बोटाच्या पेराला पेनाचा घट्टा होता, तो केव्हाच मऊ पडला होता. उत्तर येत नव्हते असे नाही. मनात पुढचा मुद्दा तयार असे आणि हात मागच्या ओळीत असे. शेवटचे दोन प्रश्न मी नुसत्या मुद्द्यांत उरकले. उरलेल्या पेपरांसाठी रोज पहाटे एक उत्तर घड्याळ लावून लिहिले, एवढाच उपाय हाताशी होता.

प्राध्यापिका, समाजशास्त्र, तालुक्याचे महाविद्यालय

तासाची शेवटची पाच मिनिटे राहिली की फळ्याचा फोटो काढण्यासाठी मोबाइल वर होतात. मागच्या सत्रात मी विचारले की गेल्या आठवड्यातला फोटो किती जणांनी पुन्हा उघडला. वर्गात हसू पसरले आणि दोन हात वर झाले. लॅपटॉपवर टिपणे काढणाऱ्यांपेक्षा हाताने काढणाऱ्यांना संकल्पनांचे प्रश्न अधिक बरे सोडवता आले, असा म्युलर आणि ओपनहायमर या संशोधकांचा 2014 चा निष्कर्ष मी पूर्वी वर्गात सांगत असे. तोच प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना फरक तितका ठळक दिसला नाही, तेव्हापासून त्याचा दाखला देणे मी सोडले. आता फळा पुसण्याआधी चार मिनिटे थांबते, एवढेच.

विज्ञान, द्वितीय वर्ष, पुणे

माझ्या आत्याचे गाव सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. तेथे ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहतात. दिवाळीच्या सुट्टीत मी सेंद्रिय रसायनशास्त्राचा अभ्यास घेऊन तेथे गेले होते. भोंगा वाजला, आतेभाऊ दप्तर घेऊन पडवीत बसला आणि आत्याने माझ्यापुढे हात केला, तेव्हा ध्यानात आले की माझे सगळे सत्र त्या मोबाइलमध्येच आहे. ‘आत्या, यात माझा अभ्यास आहे,’ असे मी म्हणाले. त्यावर ‘सगळी पोरं हेच म्हणत्यात,’ असे म्हणून तिने तो फडताळात ठेवला. दीड तास मी आतेभावाचे नववीचे विज्ञान वाचले. दुसऱ्या दिवशी कडेगावला जाऊन दोन युनिटांच्या पीडीएफची प्रिंट काढून आणली. कागदावर घेतल्यावर ती 84 पाने भरली, आणि त्यांपैकी पहिली 20 सोडून बाकीची मी तोवर उघडलीच नव्हती.