प्रतिसाद: चिखलीकर गाव का सोडत नाहीत?

दादा, "दर दोन वर्षांनी पूर येतो, तरी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीची माणसं तिथंच का राहतात?" असं तुम्ही विचारलंय. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि शेजारच्या आंबेवाडीच्या लोकांना उंचावरच्या सोनतळीला घरासाठी प्लॉट मिळाले, हे खरं. पण प्लॉट म्हणजे गाव नव्हे. म्हशी बांधायच्या कुठं? वैरण, शेणी, ट्रॅक्टर ठेवायचा कुठं? ऊस नदीकाठाला, पहाटेची धार गोठ्यात. ज्याचं पोट दुधावर आहे त्याला नुसती घरापुरती जागा पुरत नाही.

धोका तर भूगोलातच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या चिखलीजवळ एकत्र येतात आणि तिथून पंचगंगा होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. तिकडं शिरोळकडं पंचगंगा जिला मिळते ती कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकतच नाही, म्हणून पाऊस थांबला तरी पूर उतरायला दिवस लागतात. केवळ राधानगरी धरणाच्या दरवाजांकडं बघून अंदाज बांधणं मला धोक्याचं वाटतं.

माझं कळकळीचं म्हणणं एवढंच: २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याच्या खुणा प्रत्येक गल्लीत रंगवा. बंधाऱ्यावर किती फुटाला आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे घराघरात लिहून ठेवा. आणि जनावरांच्या छावणीची जागा जूनआधीच ठरवा, कारण गोठा रिकामा झाल्याशिवाय म्हातारी माणसं बोटीत पाय ठेवत नाहीत.